सरकार अम्मांचं भोपाळ

भोपाळला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. ताजुल मसाजिद पाहायची, बड्या तालाबच्या काठावर फोटो काढायचे, चौक बाजारातून जरीचा बटवा घ्यायचा, जमलं तर सांची आणि भीमबेटका करायचं आणि रात्रीची गाडी पकडून परत यायचं. हे सगळं आम्हीही केलं. पण या वेळी आम्हाला शहर पाहायचं होतं ते एका बाईच्या मागोमाग. त्या भोपाळच्या नवाब होत्या, हज करून आल्या होत्या, युरोप दोनदा पाहून आल्या होत्या, आणि नातींच्या तोंडी त्यांचं नाव होतं ‘सरकार अम्मा’. नवाब सुलतान जहाँ बेगम. जन्म १८५८, इंतकाल १९३०.

राज्य करणाऱ्या स्त्रियांबद्दल लिहिताना लोक दरबार, फर्मानं आणि तोफांच्या सलाम्यांतच अडकतात. आमच्या मनात वेगळाच प्रश्न होता. पाच मुलांची ही आई. त्यातली चार तिने आपल्या हाताने मातीआड केली. तरी ती हिंडत राहिली, लिहीत राहिली, नातींना पहाटे उठवून कुरआन शिकवत राहिली. हे बळ कुठून आलं असेल?

उत्तराचा पहिला धागा चौकात सापडतो. जुन्या शहराच्या मधोमध जामा मस्जिद आहे, ती कुदसिया बेगमांची. तलावाकाठचा गौहर महलही त्यांचाच. पती वारले तेव्हा कुदसिया जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या आणि पदरात तान्ही मुलगी. १८१९ साली त्यांनी त्या मुलीच्या नावाने कारभार हाती घेतला. तिथून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, भोपाळची सत्ता बायकांच्याच हाती राहिली. कुदसियांची मुलगी सिकंदर, तिची शाहजहाँ, तिची सुलतान जहाँ. आई, मुलगी, नात, पणती. चौकातून पाचेक मिनिटं चाललं की सिकंदर बेगमांची मोती मस्जिद लागते. दिल्लीच्या जामा मस्जिदीची आठवण करून देणारी, पण घरातल्या धाकट्या बहिणीसारखी आटोपशीर. पायऱ्यांवर बसायला सावली मिळते, गर्दीही कमी असते. ताजुल मसाजिदपेक्षा आम्हाला हीच जास्त आवडली, हे सांगून टाकतो.

सुलतान जहाँ वाढल्या त्या या सिकंदर बेगमांच्या, म्हणजे आपल्या नानीच्या हाताखाली. दिवसाचं वेळापत्रक कडक. कुरआन, फारसी, पश्तो, इंग्रजी, हिशेब, शिवाय घोडेस्वारी. खेळायला वेळ थोडाच उरायचा. नानी स्वतः घोड्यावर बसून रियासतभर फिरायची, पडद्यात राहत नसे. १८६३ च्या अखेरीस ती मुंबईला आली आणि आपल्या आईला, म्हणजे कुदसिया बेगमांना, सोबत घेऊन जहाजाने जिद्द्याला गेली. सोबत शेकडो माणसांचा लवाजमा होता. त्या काळी आपल्याकडचे राज्यकर्ते हजला जातच नसत. मागे तख्त कोण सांभाळणार, ही भीती. सिकंदर बेगम गेल्या आणि परतल्याही. त्यांनी उर्दूत जे सफरनामा लिहून ठेवलं ते वाचताना गंमत वाटते. जकात नाक्यावर सामान कसं उघडून पाहिलं, पैसे कसे उकळले, रस्ते कसे अस्वच्छ, सगळं रोखठोक. इबादत एकीकडे आणि हिशेब एकीकडे. आई कुदसिया मात्र मोकळ्या हाताने खैरात करायच्या आणि मग मागणाऱ्यांची अशी झुंबड उडायची की सांभाळणं कठीण. एकाच काफिल्यात दोन स्वभाव! मक्का-मदिनेत भोपाळच्या हाजींसाठी ज्या रुबात झाल्या, त्यांच्यामागे याच घराण्याची खैरात होती. या सफरनाम्याचं इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये छापलं गेलं, पण सिकंदर बेगम त्याआधी १८६८ मध्येच अल्लाहच्या रहमतीत गेल्या. सुलतान जहाँ तेव्हा दहा वर्षांच्या. वडील आदल्याच वर्षी वारले होते.

म्हणजे सफर कसा करावा, आणि करून आल्यावर तो कागदावर कसा उतरवावा, हे त्यांनी नानीकडून घेतलं. आई कशी असावी हे मात्र त्यांना स्वतःच शोधावं लागलं.

कारण आई शाहजहाँ बेगम आणि त्यांच्यात पुढे जी फट पडली ती बुजलीच नाही. शाहजहाँ बेगमांनी १८७१ मध्ये मौलाना सिद्दीक हसन खान यांच्याशी दुसरा निकाह केला. सिद्दीक हसन मोठे आलिम, त्यांच्या किताबा दूरवर वाचल्या जायच्या. पण घरात वाद वाढले, कारभारात वाद वाढले, आणि एकाच गावात राहणाऱ्या आई-मुलीचं बोलणं तुटलं. कोणाची चूक किती, हे आज आपण कोणत्या तोंडाने सांगणार? सुलतान जहाँ यांनी आत्मचरित्रात आपली बाजू लिहिली आहे, आईची बाजू लिहायला आई नव्हती. एवढं खरं की थोरली मुलगी बिल्कीस जहाँ आपल्या नानीची, शाहजहाँ बेगमांची, अतिशय लाडकी होती. ती कोवळ्या वयातच गेली, आणि त्या मयतीनेही दोघींची मनं जुळली नाहीत. दुसरी मुलगी आसिफ जहाँ, तीही लहानपणीच गेली. ताजुल मसाजिदजवळ शाहजहाँ बेगमांचा ताज महल नावाचा वाडा आहे. बराचसा पडझड झालेला. त्याच्या भिंतीकडे पाहत आमच्या अम्मी म्हणाल्या, “एवढा मोठा वाडा, आणि लेक आत येऊ शकत नव्हती.” त्यापुढे आम्ही कोणी काही बोललो नाही.

१९०१ मध्ये शाहजहाँ बेगम वारल्या आणि सुलतान जहाँ गादीवर बसल्या. काही महिन्यांतच, १९०२ च्या सुरुवातीला, पती अहमद अली खान गेले. ज्या नवऱ्याने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं कठीण दिवसांत साथ दिली, तो बरे दिवस येताच सोडून गेला. राज्याची तिजोरीही तेव्हा फारशी भरलेली नव्हती. अशा वेळी कोणी सफरीला निघेल का? बेगम साहिबा निघाल्या. १९०३ च्या अखेरीस, नानीच्याच वाटेने, मुंबईच्या बंदरातून, हजला.

भोपाळहून इटारसीपर्यंतची रेल्वे बेगमांच्या काळात आली, तिच्यासाठी रियासतीने पैसा घातला होता. आपण आज मुंबईहून, भुसावळहून भोपाळला जातो ते त्याच मार्गाने, फक्त उलट्या दिशेने. इटारसी सोडून गाडी नर्मदेच्या पुलावर चढली तेव्हा आम्ही मुलांना उठवलं, कारण पुढचा सगळा घाट आणि सागवानाचं रान पाहण्यासारखं आहे. ज्यांना रात्रीची गाडी सोयीची वाटते त्यांना एकच विनंती, भोपाळला पहाटे पोहोचणारी गाडी घेऊ नका. हा भाग उजेडात पाहायला हवा.

तेव्हाचा हज आजच्यासारखा नव्हता. मदिनेपर्यंत रेल्वे यायला अजून चार-पाच वर्षं होती. बंदरावर क्वारंटाईन, पुढे उंटांचा काफिला, वाटेत बदू टोळ्यांची धास्ती आणि बंदोबस्ताला तुर्की शिपाई. बेगम साहिबांनी हे सगळं ‘रौजतुर रियाहीन’ या किताबात लिहून ठेवलं, ते पुढे इंग्रजीतही आलं. आमचा अंदाज असा की हा सफर त्यांना गरजेचा होता. आईशी न झालेलं बोलणं, दोन मुली, नवरा, एवढं ओझं घेऊन माणूस तख्तावर बसू शकत नाही. कुठेतरी ते उतरवावं लागतं. १९०४ मध्ये परतल्यावर त्या ज्या झपाट्याने कामाला लागल्या ते पाहिलं की हे पटतं.

कामांची यादी लांब आहे आणि ती इतरत्र वाचायला मिळते. शाळा, दवाखाने, सुईणींचं शिक्षण, लस, शिवाय घर, आरोग्य आणि मुलांचं संगोपन यांवरची अनेक पुस्तकं. अल्लामा शिबली यांच्या सीरतुन्नबीच्या कामाला त्यांनी वजिफा दिला. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झालं तेव्हा त्याच्या पहिल्या चान्सलर त्या होत्या. धाकटा मुलगा हमीदुल्लाह यांना त्यांनी राजपुत्रांच्या कॉलेजात न ठेवता अलीगढलाच इतर मुलांबरोबर शिकवलं, हे आम्हाला त्या पदापेक्षा मोठं वाटतं.

आता १९११ चा सफर. लंडनला पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. त्या निमित्ताने बेगम साहिबा मुलं आणि सुनेला घेऊन निघाल्या. पॅरिस, जर्मनी, स्वित्झर्लंड, बुडापेस्ट, इस्तंबूल, कैरो. आणि सगळीकडे बुरख्यात. लंडनच्या वर्तमानपत्रांतून त्या वेळी त्यांचे फोटो छापून आले. डोक्यावर ताज, त्याखाली चेहरा झाकणारा बुरखा. तिथल्या लोकांना मोठं नवल वाटलं. त्यांच्याआधी तीनच वर्षं, १९०८ मध्ये, आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नाझली बेगम युरोप पाहून आल्या होत्या आणि त्यांनीही उर्दूत सफरनामा लिहिला होता. म्हणजे आपल्या बायकांनी प्रवासवर्णनं लिहिणं ही काही आजची नवलाई नाही. दुर्दैव एवढंच की ती आपल्या घरांतल्या कपाटांत नाहीत.

वोकिंगची मस्जिद इंग्लंडमध्ये आहे. ती १८८९ मध्ये बांधली गेली ती शाहजहाँ बेगमांच्या देणगीतून, आजही तिला शाहजहाँ मस्जिदच म्हणतात. जिने पैसे दिले तिने इंग्लंड कधी पाहिलं नाही, आणि जिच्याशी तिने बोलणं टाकलं त्या मुलीने पाहिलं.

इस्तंबूलला सुलतान मेहमद पाचवे यांनी बेगम साहिबांना प्रेषित मुहम्मद (स.) यांचा मू-ए-मुबारक भेट दिला. तो त्या अदबीने भोपाळला घेऊन आल्या. पण या सफरीतली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळी आहे. या प्रवासाचं पुस्तक सासूने लिहिलं नाही, सुनेकडून लिहवून घेतलं. मैमूना सुलतान, हमीदुल्लाह यांची बेगम, वयाने अजून लहान मुलगीच. लहानपणीच ती या घरात आली आणि सासूच्याच देखरेखीखाली शिकली. तिच्या नावाने ‘सियाहत-ए-सुलतानी’ छापलं गेलं. सुनेला फिरायला नेणाऱ्या सासवा आज पुष्कळ सापडतील. पण “काय पाहिलंस ते लिही” म्हणणारी सासू आम्ही तरी पाहिली नाही.

बेगम साहिबा राहायच्या तो कस्र-ए-सुलतानी, गावाबाहेर त्यांनी वसवलेल्या अहमदाबाद नावाच्या वस्तीत. गुजरातचं अहमदाबाद नव्हे. हे नाव दिवंगत पती अहमद अली खान यांच्यावरून. आज तिथे सैफिया कॉलेज आहे. आम्ही गेलो तेव्हा परीक्षेचे दिवस होते, व्हरांड्यात मुलं-मुली नोट्स पाठ करत उभी होती. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या खोलीत कधीकाळी पहाटे चार वाजता एक नात डोळे चोळत दादीसमोर कुरआन घेऊन बसायची, हे त्यांना कोणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे.

ती नात म्हणजे आबिदा सुलतान, जन्म १९१३. जन्मताच सरकार अम्मांनी तिला आपल्याकडे घेतलं. दोन मुली गमावलेल्या बाईच्या घरात मुलगी आली होती. पण लाड वगैरे फारसे नाहीत. आबिदांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत दादीची शिस्त आहे, मार आहे, प्रत्येक चुकीवरची जरबेची नजर आहे. कुरआन चुकला तर माफी नाही. सोबत घोडा, बंदूक, खेळ, सुतारकामसुद्धा. हे सगळं म्हणजे सिकंदर बेगमांचंच वेळापत्रक, पन्नास वर्षांनी पुन्हा काढलेलं. ज्या नानीने आपल्याला घडवलं तिच्याच साच्यात नातीला घालायचं, हे प्रेमच होतं, पण त्या मुलीला ते प्रेम म्हणून कळायला बरीच वर्षं लागली असणार. आपल्या घरांतही अशा दाद्या-नान्या असतात. मिठी मारणार नाहीत, पण रात्री उठून तुमच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून जातील.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावरून आमच्यात परतीच्या गाडीत भोपाळपासून खंडव्यापर्यंत वाद चालला.

१९२४ मध्ये, अवघ्या सहा महिन्यांच्या आत, बेगम साहिबांचे दोन थोरले मुलगे गेले. मार्चमध्ये मधला उबैदुल्लाह, सप्टेंबरमध्ये थोरला नसरुल्लाह. उरला एकटा हमीदुल्लाह. प्रश्न उभा राहिला, गादी कोणाची? इंग्रज सरकारचा कल थोरल्या पातीकडे, म्हणजे नसरुल्लाह यांचा मुलगा हबीबुल्लाह याच्याकडे. बेगम साहिबांचं म्हणणं, शरीअतनुसार मुलगा हयात असताना नातवाचा हक्क त्याच्यापुढे येत नाही. १९२५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, हे म्हणणं मांडायला त्या स्वतः जहाजात बसल्या. मुलगा, सून, नाती, सगळा कुटुंबकबिला घेऊन लंडनला गेल्या आणि महिनोन्महिने तिथे राहून भेटीगाठी घेतल्या. अखेर १९२६ मध्ये निर्णय त्यांच्या बाजूने लागला. आणि निर्णय लागताच त्यांनी स्वतःच गादी सोडली, हयातीतच मुलाला नवाब केलं. पुन्हा कोणी वाद उकरायला जागाच ठेवली नाही.

एका आईने राहिलेल्या एकुलत्या मुलासाठी सात समुद्र ओलांडले, अशी ही गोष्ट सांगितली जाते, आणि ती खरी आहे. पण तिला दुसरी बाजू आहे. ज्याच्याविरुद्ध हा खटला लढला तोही तिचाच नातू होता, आणि नुकताच बापाविना पोरका झालेला.

वाद पेटला तो इथे. आमच्यातल्या थोरल्यांचं म्हणणं, हिस्सा कोणाचा ते अल्लाहने ठरवून दिलंय, त्यात दादीने माया कशी आणायची? धाकट्यांचं म्हणणं, राज्य म्हणजे काही शेतजमीन नव्हे. तख्ताला वारशाचा तो नियम लावायचा, तर मग सगळ्याच वारसांना वाटा द्यायला हवा होता. आम्हाला दोन्हींत तथ्य वाटतं. मुलगा असताना मयत मुलाची मुलं वारस ठरत नाहीत, हा फिकहचा जुना, ठाम मसला आहे. आपल्या कित्येक घरांत या मसल्याने पोरकी नातवंडं रिकाम्या हाताने बसली आहेत. पण त्याच शरीअतने एक तृतीयांशापर्यंत वसीयतीची वाट उघडी ठेवली आहे, ती याच नातवंडांसाठी वापरता येते. वाटणीच्या वेळी नातेवाईक, यतीम आणि गरजू हजर असतील तर त्यांनाही काही द्यावं, हे सूरह निसामध्ये आहे. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी वसीयत कायद्यानेच सक्तीची केली, पाकिस्तानने १९६१ मध्ये त्यांना थेट बापाचा वाटा दिला. आपल्या देशात हे आजी-आजोबांच्या मनावर आहे. आणि आपल्याकडचे आजी-आजोबा वसीयतीचा कागद करायला धजत नाहीत, तसं करणं म्हणजे मरणाला बोलावणं वाटतं त्यांना.

अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मुलासाठी लढली ते बरोबर केलं. पण नातवाला जवळ घेऊन काही सांगितलं असेल का तिने?” याचं उत्तर आमच्याकडच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

१९३० च्या मे महिन्यात सरकार अम्मा गेल्या. त्याआधी, १९२८ मध्ये, आबिदा वारस म्हणून जाहीर झाल्या होत्या, पण फाळणीनंतर, १९५० मध्ये, त्या पाकिस्तानात गेल्या आणि पुढे ब्राझीलमध्ये त्या देशाच्या राजदूत होत्या. त्यांचे मुलगे शहरयार खान तिकडे परराष्ट्र सचिव झाले, भोपाळच्या बेगमांवर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि पुढे पाकिस्तानच्या क्रिकेट बोर्डाचे अध्यक्षही झाले. दुसरी नात साजिदा इथेच राहिली, पतौडीच्या नवाबांशी तिचा निकाह झाला. तिचा मुलगा मन्सूर अली खान भारताचा कर्णधार झाला. दोघेही मावसभाऊ भोपाळातच जन्मलेले. हे कळल्यावर आमच्या मुलांनी पहिल्यांदा या सफरीत खरा रस घेतला.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही सुलतानिया गर्ल्स स्कूलवरून गेलो. बेगम साहिबांनी १९०३ मध्ये, म्हणजे हजला निघाल्या त्याच वर्षी, मुलींसाठी काढलेली शाळा. शाळा सुटत होती. फाटकातून मुली बाहेर येत होत्या, कोणी ओढणीत, कोणी बुरख्यात, कोणी दोन वेण्या घालून. समोर रिक्षा उभ्या, चिंचा-बोरांच्या गाड्या उभ्या. अम्मींनी एकीला थांबवून विचारलं, “बेटी, ये स्कूल किसने बनवाया, मालूम है?” ती मुलगी क्षणभर गोंधळली, मैत्रिणीकडे पाहिलं, मग म्हणाली, “बेगम ने.” अम्मींनी विचारलं, कोणत्या बेगमने? एवढ्यात तिची रिक्षा सुरू झाली आणि ती पळाली.